घड्याळजींची होडी

...तर काल सांगत होतो ते हेच, की घड्याळजींना होडी आधी चालवायची नव्हतीच, पालथी करायची होती! तशी अटच पडली होती.

घड्याळजी म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे घड्याळं दुरुस्त करणारे. लहानपणी तापात दोन्ही पाय लुळे पडले. दुकान एवढंसं, की गिऱ्हाइकाला शिंक आली तर त्यानं बाहेर जावं. नाहीतर टेबलावरचे स्क्रू गेलेच. मोठी बहीण सकाळी चाकांच्या खुर्चीतून आणून सोडायची, संध्याकाळी न्यायची. उतार आला की खुर्चीला दोरी बांधून मागून धरून ठेवायची. पन्नाशीच्या भावाला!

"ताई, मी काय बैल आहे?"

"बैल परवडला. तो उलटून बोलत नाही."

अशा माणसानं तळ्यावर जायचं मनावर घेतलं. तिथं अधू माणसांना कयाक शिकवतात. कयाक म्हणजे शेंगेसारखी निमुळती, एकाच माणसापुरती होडी. वल्ह्याला दोन्हीकडे पातं. मला पहिला प्रश्न पडला, पायांचं काय करणार? तर म्हणे, पाय नुसते आत ठेवून द्यायचे. पाठीला टेकू, खाली मऊ फोम, आणि काम सगळं खांद्यांचं. पट्टा मात्र बांधायचा नाही. होडी उलटलीच, तर सरळ निसटता आलं पाहिजे.

ताई तिथंही दोरी घेऊन हजर! एक टोक होडीला, दुसरं स्वतःच्या मुठीत. घड्याळजी आपले खुंटीला बांधल्यासारखे काठाशी घुटमळायचे. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनीच तोड काढली, "पालथ्या होडीतून हे स्वतःचे स्वतः बाहेर आले, की दोरी सुटली."

"आणि अडकला, तर दोरी कायमची," ताई म्हणाली.

"कबूल!" घड्याळजी म्हणाले.

डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, अंगात तरंगायचं जाकीट. बाई शेजारी छातीभर पाण्यात. पाण्याखालून होडीवर ठकठक झाली की समजायचं, ठीक आहे, हात लावू नका. घड्याळजी एका अंगाला कलले आणि होडी पालथी झाली. ठकठक आली. माणूस काही येईना. पुन्हा ठकठक! बाई थांबल्या, पण ताई चपलांसकट पाण्यात शिरली. मी काठावर कोरडा उभा, तरी श्वास मीच कोंडलेला. ताई दोरी ओढणार, तोच घड्याळजी भुस्सकन वर आले. होडी धरून हसतायत!

"अडकला होतास ना?" ताई कडाडली. "खरं सांग! एवढा वेळ कशाला लागला?"

"नाही गं ताई, मी कधीच सुटलो होतो. पण माझ्यामागून पाय आपोआप बाहेर आले आणि पाण्यात हलायला लागले. कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच हलताना दिसले, म्हणून होडीचा काठ धरून खालीच जरा बघत राहिलो. सोड आता दोरी."