पेटीवरचं मांजर

माझी थोरली बहीण विद्यापीठात संशोधकांचा डेटा सांभाळते. लोक वर्षानुवर्षं जे मोजतात, नोंदवतात, ते तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय जगापुढे येत नाही. ग्रंथालयामागे तिची खोली आहे. दारावरच्या पाटीखाली कुणीतरी पेन्सिलने ‘चाळणी’ असं लिहून ठेवलंय. ताईने ते पुसलं नाही; उलट शिपायाला बजावलं, “पाटी पुसताना तेवढं सांभाळून हं.”

तिची एक पद्धत आहे. आलेली फाईल ती त्या विषयातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला वाचायला देते. तो अडखळला की फाईल परत. या कामासाठी तिचा सर्वांत लाडका माणूस म्हणजे मी. “इतकं निर्भेळ अज्ञान शोधून सापडत नाही,” असं ती चारचौघांत कौतुकाने सांगते.

माझी लेक मधमाश्यांवर संशोधन करते. पेट्या काट्यावर ठेवायच्या आणि रोज वजन टिपायचं. तिचा निबंध स्वीकारला गेला होता, पण अट अशी, की त्यामागचा डेटा त्या संध्याकाळपर्यंत प्रसिद्ध व्हायला हवा. नाहीतर निबंध लांबणार आणि त्याच्या जोरावर मिळू पाहणारी नोकरीही जाणार. तपासणारी सख्खी आत्या, म्हणून आम्ही निर्धास्त! दुपारी लेकीचा फोन आला. “बाबा, आत्याने फाईल परत केली. माळीकाका वाचताना अडखळले म्हणे! तुम्ही या आणि बोला तिच्याशी.”

मी तावातावाने गेलो. लेक तिथेच बसली होती. “ताई, घरचीच पोर आहे, जरा...”

“बरा आलास. बस. वाच.”

वाचू लागलो आणि थबकलो. “ही पेटी एका दिवसात चार किलोंनी वाढली? माश्यांकडे पाहुणे आले होते का?”

“बाबा, तो आकडा पिवळा आहे!” लेक वैतागली. “पिवळा म्हणजे त्या दिवशी पेटीवर मांजर बसलं होतं. झाकण उबदार असतं ना!”

“पिवळा? कुठाय?”

लेकीने वाकून पाहिलं. सगळे आकडे काळेच. कुठल्याही संगणकावर उघडावी म्हणून फाईल साध्या मजकुराच्या रूपात साठवायची असते. त्यात आकडे राहतात, रंग उडतात. रंगाबरोबर मांजरही गेलं होतं, वजन तेवढं मागे ठेवून.

“उद्या कुणीतरी हा मधाचा विक्रम म्हणून छापेल,” ताई म्हणाली. “तू काय घरोघरी मांजर दाखवत फिरणार आहेस?”

लेक रडता रडता हसली आणि कामाला बसली. नवा रकाना आला, ‘शेरा’. मी जुन्या फाईलमधले पिवळे आकडे सांगत होतो, ती लिहीत होती: मांजर. वारा. मांजर. मांजर, पिल्लांसह. “तूही थोडं लिही की,” मी ताईला म्हटलं. “अंहं. मोजलंय तिने, लिहीलही तीच.” मग मी पुन्हा सगळं वाचलं. कुठे अडखळलो नाही. ऑफिस बंद व्हायच्या आत ताईने बटण दाबलं.

लेकीला नोकरी लागली. मुलाखतीत म्हणे सगळ्यांनी मांजराचीच चौकशी केली. मीही मोठ्या रुबाबात ती प्रसिद्ध झालेली नोंद उघडून पाहिली. ‘तपासणी’ या शब्दापुढे पूर्ण नाव आणि हुद्दा लिहायचा असतो. लेकीने लिहिलं होतं, ‘आत्या’.

“ताई, हे कसं सुटलं तुझ्या हातून?”

“तू अडखळलास का वाचताना?”

“नाही.”

“मग झालं तर.”