जांभळीची माफी

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि माझ्या जिवाला घोर लागला. वेल्ह्याजवळच्या आमच्या घरात बाळंतिणीला आडोशाची अशी एकच खोली, आणि नेमकी तिच्यावरच परसातली जांभळ कललेली. बुंधा पोखरलेला. वारा सुटला की फांदी कौलं खरवडायची. झाड कधी आत येईल, नेम नव्हता.

झाड आपलं, परस आपलं, पण जांभळ तोडायची तर कचेरीची परवानगी लागते म्हणे! कायदा नवाच आला होता. आमच्या ह्यांनी वेल्ह्याला तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठं निरोप आला, साहेब उद्या पाहणीला येतील. मला वाटलं, सुटलो बाई! आता झाड पडणारच, तर आपली रीत करून घ्यावी. आमच्याकडं झाड तोडायच्या आधी त्याची माफी मागतात. सकाळीच बुंध्याला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, हात जोडले. म्हटलं, "रागावू नगंस बाई, लेकीसाठी चाललंय हे."

साहेब घाम पुसत आले, झाडाकडं बघितलं आणि कागद मिटूनच टाकला. "अहो, हे तर देवाचं झाड! पूजेतलं झाड तोडायची परवानगी देऊ मी? उद्या अख्खं गाव माझ्या दारात येईल."

हे माझ्याकडं असे बघायला लागले की मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता! पण मग डोक्यात तिडीक उठली.

"सायेब, देव न्हाई तिथं, जांभळ हाय. पाडायच्या आदी माफी मागतो आमी. बुंध्यात हात घालून बगा की! आन् मग आत चला, माझी लेक कुठं निजती ते बी बगा."

हे मागून "अगं, अगं" करत होते. मी कसली ऐकतेय!

साहेबांनी खरंच हात घातला. कोपरापर्यंत आत गेला. मग वहाणा काढून ते खोलीत आले. लेक भिंतीला टेकून गोधडी शिवत होती. तेवढ्यात वर फांदी खरखरली आणि कौलाचा चुरा तिच्या मांडीवर पडला. तिनं तो सवयीनं झटकला आणि पुढचा टाका घातला. साहेब तसेच बाहेर आले. ओट्यावर बसून त्यांनी लिहिलं, पूजा माफीची आहे, झाड धोक्याचं आहे.

निघताना मात्र ते अनवाणीच परसात गेले आणि जांभळीला हात जोडले. मी बघतेय हे कळल्यावर ओशाळून म्हणाले, "परवानगीवर सही माझी असणार ना, बाई." माझा राग कुठल्या कुठं गेला. चहा पाजल्याशिवाय मी त्यांना सोडलंच नाही.

आठ दिवसांनी कागद आला, जांभळ उतरवली. लेकीचे दिवस भरले ते भर दुपारी. त्या खोलीत आजवर दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. सुईणीनं तो मागितलाच नाही. माझ्या नातीचं तोंड मी उन्हात बघितलं.