उन्हात शेकलेली मशीन

लेकीच्या कम्प्युटरात आमच्या बँडातली जुनी मशीन आहे. म्हणजे मशीन नाही, तिचं चित्र. गोल बटनं तीच, खटके तेच, पट्ट्या त्याच. लेक माऊस सरकवते आणि चित्रातलं बटन फिरतं. आवाजही तोच. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. बायको जाऊन अजून वर्ष व्हायचंय.

लेक म्हणाली, "आबा, खरी मशीन चांगली होती का ही चांगली?"

लोक म्हणतात खऱ्याची सर येत नाही. लोकांना काय जातंय म्हणायला! त्यांची बायको त्या मशीनसंगं गात नव्हती.

नामांतराची वर्षं होती. कधी गाड्या बंद, कधी रस्ता बंद, पण लग्नं काही थांबत नव्हती. बोरीत आमची बँड पार्टी होती. मी हलगी वाजवायचो, एक म्हातारे मामा पेटी वाजवायचे आणि माझी बायको गायची. बाईमाणूस बँडसंगं गाते म्हणून लोक नावं ठेवायचे आणि सुपारी द्यायलाही तेच यायचे. तिचा सूर पेटीची काळी चार. एकदा धरला की बाई हलायची नाही. घरातही तसंच.

मग बँडच्या मालकानं हैदराबादहून कुणाची तरी वापरलेली सिंथेसायझर मशीन आणली. पेटी ट्रंकेत गेली. मामांच्या हातात टाळ आले. मशीन मालक स्वतः वाजवायचा, दुसऱ्याला हात लावू देत नव्हता.

हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही, हे आमच्यात लेकराला पण ठाऊक. मशीन पहिल्या दिवशी सकाळच्या गारठ्यात कुरकुरली आणि गरम झाल्यावर नीट वाजली. मालक म्हणाला, "बघा, कातडं असू द्या न्हाईतर मशीन, शेकल्याबिगर बोलत न्हाई." तेव्हापासून प्रत्येक लग्नात दुपारी घोंगडीवर माझी हलगी आणि तिच्या शेजारी मशीन, दोघी उन्हात. चांगली तापली की मामा ट्रंकेतली पेटी काढून काळी चार द्यायचे, मालक बटन फिरवून मशीन तिला मिळवायचा आणि पेटी परत ट्रंकेत.

संध्याकाळी गाणं सुरू झालं की थोड्या वेळानं मालकाच्या कपाळाला आठ्या.

"वयनी, सूर सुटायलाय तुमचा. वर पळायलाव तुमी."

"मी हाय तितंच हाय."

"मंग मशीन खोटं बोलायली का? पार हैदराबादची हाय!"

दोन-चार लग्नांत हेच झालं, तेव्हा मालकानं सांगून टाकलं, राणीसावरगावचं लग्न झालं की परभणीची एक पोरगी आणतो. वयनींनी आता घरी बसावं.

भाकरी थापताना गुणगुणायची तिची सवय होती. ती बंद झाली. नुसता भाकरीचा थप थप आवाज. एक दिवस हात थांबवून म्हणाली, "आवो, माझा कान गेला का काय?"

मी म्हणालो, "मला हलगीवाल्याला काय कळतंय सुरातलं?" खरंच कळत नव्हतं.

राणीसावरगावला ऊन लय होतं. मशीन दुपारभर शेकली, पेटीशी मिळवली. दिवस कलला, वारं सुटलं, गाणं सुरू झालं. मालक डोळे वटारायला लागला. ती मान वर करून गातच होती. आणि अर्ध्या गाण्यात लाईट गेली. मशीन मुकी झाली.

बायको थांबली नाही. माझी हलगीही थांबली नाही. मामांनी टाळ खाली टाकले, पेटी काढली आणि काळी चार दाबली. पेटीचा सूर तिच्या सुरावर असा जाऊन बसला, जशी गाडग्यावर झाकणी. दोघांत एक केस जाईल एवढी फट नाही.

तेवढ्यात लाईट आली. मालकानं घाईघाईनं पट्टी दाबली. पेटी आणि बायको एका जागी, आणि मशीन खाली, रडक्या लेकरासारखी. मला हलगीवाल्यालाही कळलं.

मामा मोठ्यानं हसले. "मालक, तुमची हैदराबादवाली उतरली की वो!"

मालकानं मशीनच्या पाठीवर हात ठेवला. "आँ? निवली म्हणून उतरली व्हय ही?"

बायकोनं कडवं संपवलं आणि माईकवरच म्हणाली, "घाला पुन्ना उन्हात तिला!"

मांडव हसला. मालक पण हसला, काय करतो बिचारा. परभणीची पोरगी काही आली नाही. पेटी ट्रंकेतून निघाली ती परत आत गेली नाही. दुसऱ्या दिवशी चुलीपुढून गुणगुण ऐकू आली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मी बाहेर बाजेवर पडून नुसता ऐकत राहिलो.

हे सगळं लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आबा, ते पण हाय ह्याच्यात. हे बटन वर केलं की सूर जुन्या मशीनवाणी हलतो. लोकांना आवडतं." तिनं वर केलं. सूर हळूहळू घसरायला लागला. मी तो ओळखला.

"बंद कर ते. तुझ्या मायला लय छळलंय त्यानं."

लेकीनं माझ्याकडं बघितलं आणि बटन पार खाली नेलं. मग काळी चार लावली आणि तशीच वाजत ठेवून माझं ताट वाढलं. मी जेवलो, हात धुतले, येऊन बसलो. सूर होता तिथंच होता. ह्याच्यासंगं गाताना सूर सुटला म्हणून तिला कुणी बोललं नसतं.