भामाबाई गायच्या तेव्हा

कोऱ्हाळे बुद्रुकजवळच्या वस्तीवरच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत होतो. तिथं पोरांची खिचडी भामाबाई शिजवायच्या. बारा वर्षांत त्यांनी एकदाही शिळं वाढलं नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी दोन वर्षं त्या सारख्या ओव्या म्हणायच्या. तांदूळ निवडताना, डाळ धुताना, वाढतानासुद्धा. वर्गात पाढे चालू असायचे आणि व्हरांड्यातून तो सूर यायचा. आम्हाला वाटायचं, बाई सुखात आहेत.

एका दुपारी सूर थांबला आणि पातेलं पडलं. धावत गेलो. भामाबाई भिंत धरून उभ्या होत्या, डोळे घट्ट मिटलेले.

"गुरुजी, गाणं थांबलं की पापण्या मिटत्यात. उघडता उघडत न्हायीत. कुणाला सांगू नगा, चुलीपासनं काढत्याल मला."

मी त्यांना बारामतीला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. पापण्यांच्या स्नायूंना नको तेव्हा मिटण्याचे हुकूम जातात, काहींना गाण्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, असं ते म्हणाले. उपाय होता डोळ्यांभोवती बारीक इंजेक्शनं.

परतताना एसटीत मी सवयीनं त्या इंजेक्शनातल्या औषधाचा धडाच घेतला. हवाबंद, बिघडलेल्या अन्नात एक जंतू वाढतो आणि विष तयार करतो. मज्जातंतूच्या टोकातून स्नायूला रसायनाचा निरोप जातो, तो हे विष अडवतं. पोटात गेलं तर श्वासही बंद पडू शकतो. पण अगदी थोडं, मोजून टोचलं की तिथलाच स्नायू सैल पडतो. तीनेक महिन्यांनी निरोप पुन्हा सुरू होतो.

उतरताना त्या म्हणाल्या, "नासक्या अन्नाचं इख? मला न्हाय टोचायचं."

बरोबर आलेला त्यांचा मुलगा जोतीराम हसला. "गुरुजी, निस्तं औषध म्हणायचं हुतं. शाळा सुटली तरी शिकवताय तुमी."

मला वाटलं, त्या जिवाला भ्यायल्यात. महिनाभरानं पुन्हा विषय काढला, तेव्हा खरं कळलं. ते विचारायलाच आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो.

"माज्या हातानं पोरांच्या खिचडीत तर न्हाय उतरायचं?"

डॉक्टर हसले नाहीत. "नाही मावशी. टोचलं तिथंच काम करतं. त्या दिवशी डोळे चोळू नका, एवढंच."

तरी त्यांनी दिवाळीच्या सुट्टीतच टोचून घेतलं.

शाळा उघडली त्या दिवशी व्हरांडा गप्प होता. भामाबाई सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या, डोळे चांगले उघडे.

"गुरुजी, लई वाळलाय की तुमी."

"आजच दिसलं?"

"दोन वर्सं नीट बगितलं कुठं हुतं म्या?"

मी निवृत्त होऊन बारामतीला राहायला आलो; शाळेत अजून त्याच शिजवतात. तीन-चार महिन्यांनी सुईसाठी बारामतीला आल्या की माझ्या घरी चहाला येतात. मागच्या वेळी म्हटलं, एखादी ओवी म्हणा की.

"आता कशाला? दिसतंय की सगळं."

मी पुन्हा आग्रह केला नाही. दोन-तीन ओळी मला पाठ आहेत. चाल मात्र काही केल्या जमत नाही.