मोठेबाबांची ममी

आमच्या मोठेबाबांना मी त्यांच्या हयातीतच एकदा मारलेले आहे. तेही शैक्षणिक कारणासाठी.

मी दिग्रसच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. शाळेत भिंतीएवढा टीव्ही आला आणि मला लघुपट काढायची खोड लागली. जगातल्या संस्कृती, इतिहास, सामाजिक मूल्ये... विषय साऱ्या जगाचे, नट मात्र घरचेच! 'जपानमधील चहापान'मध्ये माझी बायको प्रज्ञा किमोनो म्हणून गाऊन उलटा घालून बसली होती. 'वक्तशीरपणा' या लघुपटाच्या शूटिंगला मी स्वतः उशिरा पोचलो. (तो अजून अपूर्णच आहे.)

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उभा जन्म एसटीत कंडक्टर. अजूनही घरात कोणी दारात उभं राहिलं की त्यांच्या तोंडून 'पुढं सरका, पुढं!' निघतंच. मी त्यांना एकाही लघुपटात घेतलं नाही म्हणून ते माझ्यावर रुसले होते.

"मोठेबाबा, इजिप्तच्या राजाचं काम आहे. करता काय?"

"राजा? इचारतं काय बे! करतो नं."

"पण राजा मेलेला आहे."

"मेला तं मेला. राजा आहे नं!"

मोठीमाय, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा फुलसावंगीला माहेरी गेली होती. ती घरात असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलं आहे. सर्वात जास्त वेळा मोठीमायनेच.

रविवारी दुपारी पुढच्या खोलीत शूटिंग सुरू झालं. जुन्या चादरी फाडून पट्ट्या केल्या. हजारो वर्षं जुन्या दिसाव्यात म्हणून चहाच्या पाण्यात बुडवल्या आणि सुटू नयेत म्हणून मैद्याची खळ लावली. (ही कल्पना माझी. प्रज्ञा 'नको' म्हणाली होती.) छातीवर हातांची फुली करून, चेहरा तेवढा उघडा ठेवून मोठेबाबांना गुंडाळलं, टेबलावर निजवलं आणि कूलर त्यांच्याकडे वळवला. बाहेर दिग्रसचं ऊन, आत कूलरचा वारा! मैदा असा वाळला की मोठेबाबांवर टकटक केलं तर दारासारखा आवाज येऊ लागला.

उशाशी मेणबत्त्या, पायाशी अगरबत्तीचा अख्खा पुडा. धुरानं प्रज्ञाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. अडथळा नको म्हणून सगळे फोन बंद. मी आवाज जड करून बोलू लागलो, "या थोर पुरुषाचा आता दुसऱ्या जगाकडे प्रवास सुरू झाला आहे. मागे उरल्या आहेत त्या फक्त आठवणी..."

नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या शांताबाई विरजण मागायला दारात आल्या होत्या. त्यांनी मेणबत्त्या बघितल्या. रडणारी प्रज्ञा बघितली. माझं भाषण ऐकलं. आणि वाटी पदराखाली घेऊन आल्या पावली परत गेल्या. आम्हाला पत्ताच नाही!

शूटिंग संपल्यावर मी फोन सुरू केला, तर तो हातात थरथरतच राहिला. सगळ्यांच्या स्टेटसवर एकच फोटो. लग्नातला, गॉगल लावलेले मोठेबाबा. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

"काय झालं बे?" टेबलावरून आवाज आला.

"मोठेबाबा, तुम्ही वारले."

"कधी?"

मी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "हा फोटो काहून टाकला? टोपीवाला नव्हता काय?" मग एकदम त्यांचा आवाजच बदलला. "अबे, तुही मोठीमाय! तिले कोणी सांगतलं तं?"

मोठीमायला बीपीचा त्रास. मालिकेत कोणी मेलं तरी तिला गोळी द्यावी लागते. मी घाईघाईनं तिला फोन लावला. रिंग वाजली... आमच्याच स्वयंपाकघरात! मोबाइल चार्जिंगला लावून बाई माहेरी गेली होती.

मग तिच्या भावाला, लक्ष्मणमामांना लावला.

"मामा, मोठेबाबा जिवंत आहेत!"

"हो रे बापू," मामा हुंदका देत म्हणाले, "आपल्या मनात ते कायमचेच जिवंत राहतीन."

"तसं नाही मामा, खरंच जिवंत आहेत!"

"धीर धर बापू. म्या तिले काही सांगतलं नाई. 'दाजीची तब्येत जराशी बरी नाई' म्हणलं अन् पुसदवरून जाणाऱ्या गाडीत बसवून देल्ली."

मी कपाळाला हात लावला. आमच्या नात्यागोत्यात 'तब्येत जराशी बरी नाही' हे फक्त मेलेल्या माणसाबद्दलच बोलतात. जिवंत माणूस आजारी असला तर सरळ 'काही खरं नाही' म्हणतात!

"इकडं दे," म्हणून मोठेबाबांनी मला फोन त्यांच्या कानाशी धरायला लावला. "लक्ष्मण, मी बोलून राह्यलो!"

तिकडून एक किंकाळी आली आणि फोन बंद झाला. तो पुन्हा लागलाच नाही.

एवढ्यात बाहेर खडखडाट झाला. खिडकीतून बघतो तो काय, खुर्च्या उतरत होत्या. दोघं जण मंडपाचे बांबू रोवत होते. पांढरे कपडे घातलेली माणसं हळू आवाजात 'जय भीम' करत बसत होती. कोणीतरी विचारत होतं, "भंतेजीले फोन केला काय?"

मोठेबाबा खिडकीकडे बघून म्हणाले, "तिनं हा मंडप पाह्यला तं कोपऱ्यावरच पडन थे. पुसदची गाडी यायच्या आत मले स्टँडवर ने."

"आधी पट्ट्या तर काढू!"

"टाइम नाई बे! पाय मोकळे कर फक्त."

विळीनं पायांपुरत्या पट्ट्या कापल्या. वरचं अंग तसंच, कडक. समोरच्या गर्दीला समजावण्याचं काम प्रज्ञावर टाकून आम्ही मागच्या दारानं निघालो. गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंचा ऑटो मिळाला. वाकता येत नसल्यामुळे मोठेबाबांना आत आडवं सरकवावं लागलं. सलीमभाईंनी मागे वळून बघितलं. "दवाखाना?"

"बस स्टँड. लवकर!"

"क्या मास्तरसाब! इस हालत में एसटी से भेजते क्या?"

स्टँडवर आम्ही पोचायला आणि पुसदची गाडी लागायला एकच गाठ पडली. माणसं उतरू लागली. मोठेबाबांना बघून पहिल्या दोघी पुन्हा गाडीत चढल्या. मग एक म्हातारबा, एक लेकुरवाळी, कोंबडीवाला... मोठीमाय नाही. गाडी रिकामी होत आली तरी नाही. मोठेबाबांचा चेहरा उतरला. "रस्त्यात काही झालं तं नसन नं?" ते पुटपुटले. त्यांचे हात पट्ट्यांच्या आत हलायला धडपडत होते. त्या माणसाला इतकं घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि तोसुद्धा अर्धा पट्ट्यांना गेला होता.

सर्वात शेवटी मोठीमाय उतरली. डोळे सुजलेले, पदर तोंडात. काही न सांगताच तिला सगळं समजलं होतं. तिनं वर बघितलं. समोर तिचा नवरा, चहाच्या रंगाचा, उभा.

मी तिला सावरायला पुढे झालो. आता पडते, मग पडते!

ती जवळ गेली. त्यांच्या गालाला हात लावला. "हे काय करून घेतलं वं माय," एवढंच म्हणाली आणि त्यांच्या कडक छातीवर डोकं टेकून जी रडायला लागली, ती थांबेचना.

"रडू नको वं," मोठेबाबा म्हणाले. त्यांचाही आवाज चिरकला होता. "मी राजा झालतो."

बीपी तिचा, जीव मोठेबाबांचा, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली ती मला! 'मोठीमाय, गोळी...' असं काहीसं बोलून मी फलाटावर आडवा झालो.

सलीमभाईंनी मला उचलून मागच्या सीटवर टाकलं. माझं डोकं मोठीमायच्या मांडीवर. आता मी जागा अडवल्यामुळे मोठेबाबांना पट्ट्या कडाकडा मोडून पुढे सलीमभाईंशेजारी बसावं लागलं. ऑटो गल्लीत शिरला तेव्हा मी शुद्धीवर येत होतो, पण डोळे उघडायची ताकद नव्हती. प्रज्ञानं गर्दीला खरं काय ते सांगितलं होतं. तरी उठून कोणीच गेलं नव्हतं. आलोच आहो तर मोठेबाबांना भेटूनच जाऊ म्हणून सगळे बसून होते. त्यांना दिसलं ते असं: मोठेबाबा पुढे ताठ बसलेले, मोठीमाय मागे ढसाढसा रडत, आणि तिच्या मांडीवर मी, हातपाय टाकून.

"अव माय!" शांताबाईंनी हंबरडा फोडला. "मास्तर गेले!"

खुर्च्या सरकल्या. मंडपवाला म्हणाला, "थांब बे, दोऱ्या सोडू नको." माणसं ऑटोभोवती गोळा झाली. मी डोळे उघडणार, तेवढ्यात डोक्याशी कोणीतरी उसासा टाकून म्हणालं,

"माणूस लय चांगला होता बिचारा. फक्त फिल्मा बनवाले नोको होत्या त्यानं."

आणि सगळे एका आवाजात "होऽऽ नं!" म्हणाले. त्यात प्रज्ञाचा आवाज मी स्पष्ट ओळखला.