कान असलेली कवटी

कानावरची बिडी तशीच ठेवून म्हातारा ओला अंगठा मातीच्या बैलाच्या तोंडाशी दाबायचा आणि म्हणायचा, "आता हासला." पोळ्याआधी अड्याळच्या बाजारात त्याचेच बैल सगळ्यात आधी संपायचे. तुम्ही कधी हसणारा बैल पाहिलाय? मी पाहिलाय. माझ्या टेबलावर एक आहे.

ती बिडी तो क्वचितच ओढायचा. बायको मात्र त्या बिडीवरून त्याला रोज चार गोष्टी सुनवायची, आणि त्याला ते आवडायचं.

बायको गेली आणि त्याने मातीला हात लावणं सोडलं. घरात तिचं नाव कोणी काढेना. "मामाजी रडतेत, म्हनून बोलत नाही," सून सासऱ्याबद्दल मला म्हणाली. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्याच्याकडून माती न्यायचो. त्याचं ते गप्प बसणं मला बघवेना.

एकदा मी त्याला मोबाइलवर मेक्सिकोतल्या कवट्या दाखवल्या. मातीच्या, फुलापानांनी रंगवलेल्या, दात काढून हसणाऱ्या. तिकडे वर्षातून एकदा गेलेली माणसं घरी येतात म्हणे. त्यांच्यासाठी झेंडू मांडतात, आवडीचं जेवण ठेवतात, त्यांच्या गोष्टी सांगतात.

"आपल्या पितरावानीच हाय," तो म्हणाला. "पन हे हासून राहिले काहून?"

"आठवण काढताना तिकडे हसतात, काका."

पुढच्या आठवड्यात त्याच्या ओट्यावर एक ओली कवटी होती आणि सून माझ्यावर भडकली होती. "सर, काय दाखवलं तुमी यायले? घरात मढ्याचं डोस्कं कोनी ठेवते का?"

म्हाताऱ्याची चिंता वेगळीच होती. "सारं बरोबर बनलं. पन हे माही बायको नोहे."

सून दारातच उभी होती. तिथूनच म्हणाली, "आत्याबाईले समोरचा दात नव्हता. ऊस खाताना तुटला होता."

म्हाताऱ्याने काडीने तो दात कोरून काढला, अंगठा दाबला. "आता हासली," म्हणाला आणि ढसाढसा रडला. मग त्या उसाची गोष्ट निघाली, आणि दोघं रडता रडता हसू लागली. मला फार बरं वाटलं. पितृमोक्ष अमावस्येला त्या कवटीपुढे झेंडू होता, वडे होते. पुढच्या पोळ्याला बैलही बाजारात आले.

यंदा म्हातारा नाही. परवा गेलो, तर सून ओट्यावर मातीत हात घालून बसली होती. सासूच्या शेजारी ठेवायला दुसरी कवटी बनवत होती. तिला एक कान होता.

"कवटीले कान काहून?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"मंग मामाजी बिडी कोठी ठेवतीन?" असं म्हणून तिने ओला अंगठा कवटीच्या तोंडाशी दाबला.