अर्जनवीस काकांची हरकत

अर्जनवीस काका चहासुद्धा तोंडी मागत नसत. हॉटेलात चिठ्ठी पाठवत: ‘विषय: अर्धा कप चहा मिळणेबाबत.’ खाली ‘महोदय’, मग सविनय कारण, मग सही आणि तारीख. हॉटेलवाला चिठ्ठी तारेला टोचून ठेवी आणि चहा धाडी. एकदा चहा यायला उशीर झाला, तेव्हा काकांनी ‘संदर्भ: माझा आज सकाळचा अर्ज’ असं लिहून स्मरणपत्र दिलं होतं.

सेनगावात कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडखाली ते टायपरायटर घेऊन बसत. साखऱ्याहून सकाळच्या बसनं येत, संध्याकाळच्या बसनं परत जात. तालुक्यात ज्याला सरकारशी काही बोलायचं असेल त्यानं ते काकांना सांगायचं आणि काकांनी ते सरकारला कळेल अशा मराठीत बसवायचं, असा रिवाज होता. रस्त्याच्या पलीकडे माझ्या छोट्या दुकानात मी कॉम्प्युटर शिकवायचो. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं.

त्याच काळात मी एका उद्योगात सामील झालो होतो. देशोदेशीची पंधरा-वीस माणसं इंटरनेटवरून मिळून लिहिण्याचं एक सॉफ्टवेअर बनवत होती. ते कोणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं, फुकट वापरावं. माझ्याकडे मराठीचा भाग होता. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती तपासायची आणि ‘मराठी ठीक आहे’ असं कळवायचं. मी ‘मराठी ठीक आहे’ एवढंच टाइप करून बघत असे. ते नीट उमटलं की कळवून टाकत असे.

मग काकांच्या टायपरायटरचा ‘ळ’ तुटला. ‘ळ’ नसलेल्या यंत्रावर जमिनीचे अर्ज लिहिता येईनात, म्हणून ते माझ्याकडे आले. मी त्यांना ते सॉफ्टवेअर दाखवलं.

“फुकट काहून देऊन राहिले?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यांना वापरता यावं म्हणून.”

“अन् चुकलं तर जबाबदार कोण?”

“कोणीच नाही. तसं लिहिलेलंच आहे.” मी सॉफ्टवेअरच्या परवान्यातली ती ओळ मराठीत सांगितली. काकांनी चष्मा काढून पुसला. “पंचवीस वर्षं अर्ज लिहून राहिलो, मास्तर. इतका बेडर मजकूर पाहिला न्हाई.” दुसऱ्या दिवसापासून ते रोज दुपारी तपासणीला येऊ लागले.

बोटं टायपरायटरची होती. एकेक कळ ते खिळा ठोकावा तशी मारत. ओळ संपली की डावा हात सवयीनं उठे आणि टायपरायटरची गाडी सरकवावी तसा मॉनिटरला ढकले. दोनदा मॉनिटर टेबलाच्या काठापर्यंत गेला. शेवटी मी तो सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधला. काकांनी ‘आता बराबर हाय’ म्हणून समाधान व्यक्त केलं.

चूक सापडली की ते रीतसर अर्ज लिहीत. ‘अर्जदार विनंतीपूर्वक कळवितो की, गैरअर्जदार सॉफ्टवेअर हे अर्जदाराच्या वेलांट्या विनाकारण पुढील अक्षरावर ढकलीत असून...’ शेवटी ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.’ मी त्याचं इंग्रजी करून पाठवायचो. काहीही गाळलेलं त्यांना चालत नसे. प्रकल्पाची प्रमुख परदेशातली एक बाई होती. तिला आधी वाटलं, आमच्यावर दावा लागला. पुढे तिला गोडी लागली. ती उत्तरात ‘माननीय अर्जदार’ असं लिहू लागली. काका मात्र पोच मागत. मी प्रकल्पाकडे झालेल्या नोंदीचा क्रमांक कागदावर छापून, दुकानाचा शिक्का मारून देत असे. ते तो कागद फायलीला लावत.

अशी वर्षभराची कामं होऊन मोठी आवृत्ती बाहेर पडायची वेळ आली. आदल्या दिवशी कऱ्हाळे मावशी शेडमध्ये आल्या. शेताच्या रस्त्यासाठी त्यांनी मागे केलेल्या अर्जाची नक्कल त्यांना हवी होती. काकांनी सगळ्या अर्जांची यादी आता कॉम्प्युटरवर ठेवली होती. मावशींना घेऊन ते माझ्याकडे आले, शोधायच्या चौकटीत ‘कऱ्हाळे’ लिहिलं आणि कळ दाबली. यंत्र म्हणालं, असं कोणी नाही.

“बाई समोर बसलेली हाय,” काका म्हणाले, “अन् हे न्हाई म्हणून राहिलं.”

“मी हाय की,” मावशी म्हणाल्या.

मी आत शिरून पाहिलं. जुन्या आवृत्तीत लिहिलेला ‘ऱ्ह’ आणि नव्या आवृत्तीतला ‘ऱ्ह’ दिसायला एकच होते, पण यंत्राच्या पोटात दोन वेगळ्या तऱ्हांनी साठवलेले होते. एकाला दुसऱ्याची ओळख नव्हती. काकांनी मग यादी डोळ्यांनी वाचली, पाच मिनिटांत नाव शोधलं, नक्कल काढून मावशींच्या हातात दिली. मावशी उठेनात.

“तुमाला सापडलं, दादा. त्याला कुठं सापडलं? उद्या कचेरीत हेच बसवलं तर मी न्हाईच म्हणंल ते.”

काकांनी तिथंच अर्ज लिहिला. ‘सदर महिला हयात असून दोन साक्षीदारांसमक्ष खुर्चीवर बसलेली आहे. सबब नवीन आवृत्तीस स्थगिती मिळावी.’ साक्षीदार म्हणून चहा घेऊन आलेल्या हॉटेलवाल्यानं आणि मी सही केली. प्रमुख बाईंचं उत्तर आलं, हे पुढच्या वेळी बघू. मराठी तयार नसेल तर ती वगळून बाकीचं उद्या बाहेर काढू. माझा वर्षाचा खटाटोप पाण्यात जाताना दिसला.

“काका, एका अक्षरासाठी हजारो लोक अडकलेत. हरकत नाही म्हणा.”

“त्या हजारात कऱ्हाळे किती, ते तुमाला ठावं हाय का?”

मला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली. मी अर्ज शब्दशः पाठवला आणि खाली लिहिलं की माझीही हरकत आहे. तासाभरानं बाईंनी एकच ओळ विचारली: त्या अजून बसल्या आहेत का? मी कळवलं, बसल्या आहेत.

आवृत्ती थांबली. आठ दिवस निरनिराळ्या देशांतली माणसं एका ‘ऱ्ह’वर काम करत होती आणि मावशी रोज भाकरी बांधून आणून माझ्या दुकानात बसत होत्या. विद्यार्थी त्यांच्या बाजूनं वाट काढून कॉम्प्युटरपाशी जात. नवव्या दिवशी दुरुस्त प्रत आली. काकांनी नाव लिहिलं, कळ दाबली.

“सापडले का मी?”

“सापडल्या, मावशी.”

“मंग जाते. शेळी बांधून आलेय.” आणि त्या गेल्या.

आवृत्तीसोबतच्या निवेदनात बाईंनी इतर सुधारणांच्या खाली लिहिलं होतं: ‘श्रीमती कऱ्हाळे आता सापडतात.’ मी ते छापून काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “जावक क्रमांक न्हाई टाकला.” पण त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, फायलीला लावला नाही.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. मी निघालो त्या आठवड्यात काकांनी आणखी एक अर्ज दिला: ‘वीज जाण्यापूर्वी यंत्राने अर्जदारास सूचना देणेबाबत.’ सगळ्यांनी समजावलं की वीज कधी जाणार हे यंत्राला कळत नाही. काका म्हणाले, “मंग त्याला कळून घ्यायला सांगा.” तो अर्ज निकाली न निघता तसाच उघडा राहिला. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. काका साखऱ्याला, घरीच वारले होते. दिवसकार्यही होऊन गेलं होतं.

वर्षभर हालचाल नसलेल्या अर्जाबद्दल प्रकल्पाचं यंत्र आपणहून पत्र धाडतं: अडचण अजून आहे का? उत्तर आलं नाही तर अर्ज बंद होईल. काकांचा ईमेल नव्हता म्हणून तिथं माझा पत्ता दिलेला होता. पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. मग उठून कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. आधी काही सूचना आली नाही. मी परत सगळं सुरू केलं आणि लिहिलं: ‘अडचण अद्याप कायम आहे. अर्जदार हजर राहू शकत नसल्याने, त्यांच्या वतीने.’ खाली माझं नाव आणि तारीख घातली.

दर वर्षी ते पत्र येतं. दर वर्षी मी आधी बटण बंद करून बघतो, न तपासता लिहीत नाही.